महाराजांच्या घरी सरकार

परवा आमच्याकडे एका घरावरून कडाक्याचा वाद झाला. ते घर आमचे नव्हे, आणि सात जन्मांत होण्याचा संभवही नाही! नरिमन पॉइंटची एअर इंडियाची इमारत ती.

ही २३ मजली इमारत १९७४ साली पुरी झाली. आराखडा न्यूयॉर्कच्या जॉन बर्गी यांचा. आमचे दादा तेव्हा नुकते नोकरीला लागले होते; गिरगावातून पायी जाऊन त्यांनी ती पाहिली, आणि तेव्हापासून ती आपलीच आहे अशी त्यांची समजूत आहे. १२ मार्च १९९३ चा बॉम्बस्फोट तिने सोसला. पुढे कंपनीने मुख्यालय दिल्लीला नेले. जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे गेली, इमारत तेवढी मागे राहिली. ती १,६०१ कोटी रुपयांना महाराष्ट्र सरकारला देण्यास केंद्राने मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली. २०१२ साली मंत्रालयाला आग लागली तेव्हापासून काही खाती ठिकठिकाणी विखुरलेली आहेत. ती इथे आणायची असा बेत.

"एका विटेला हात लावता कामा नये," दादांनी निकाल दिला.

"आजोबा, हात लावला नाही तर ती आपण होऊन हात टेकेल," माझा भाचा म्हणाला. तो स्थापत्य अभियंता आहे. समुद्राचा खारा वारा काँक्रीटमध्ये हळूहळू झिरपतो, आतल्या सळया गंजतात, आणि गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून वरचे काँक्रीट आतून फुटते. वर गिलावा करून रंग फासला की वर्ष दोन वर्षे झाकले जाते, एवढेच. खरी तपासणी हातोडीने सुरू होते. ठोकून पाहायचे, निकोप काँक्रीट खणखणीत बोलते, पोखरलेले बद्द वाजते. (आमच्या तोंडी परीक्षेची पद्धत याहून फारशी वेगळी नाही.)

परदेशातही हेच. न्यूयॉर्कचे लीव्हर हाऊस १९५२ चे. काचेच्या भिंतींचे मोठे कौतुक झाले. पण त्या भिंतीत पाणी शिरले, आतले लोखंड गंजले, काचा तडकू लागल्या. विसावे शतक संपता संपता ती काचेची कातडी बदलून नवी बसवली. रूप मात्र जुनेच ठेवले.

मला धास्ती होती ती निराळी. सरकारी डागडुजी म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे प्लायवूडचे आडोसे आणि वाटेत मांडलेली कपाटे येतात. भाचा म्हणाला, "मामा, आडोसे नंतर. आधी वायरी, एसीच्या नळ्या आणि आग विझवणारे पाण्याचे फवारे कुठून न्यायचे ते ठरवायचे. ५० वर्षांपूर्वी संगणकाच्या केबलसाठी कोणी जागा सोडली होती? छताखालून सारे नेले तर छत डोक्याला लागते." मग पाडून नवीच का बांधू नये? "सांगाडा धड असेल तर तो पाडणे म्हणजे एकदा खर्ची घातलेले सिमेंट आणि पोलाद फेकून देणे."

मला आमच्या शुद्धलेखनाची आठवण झाली. १९६२ च्या नियमांनी कित्येक शब्दांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. जुनी पुस्तके त्याप्रमाणे नव्याने छापली. लेखकाचे काही बिघडले नाही, नव्या वाचकाची अडचण दूर झाली. पण अनुस्वार काढायला बसलेला संपादक वाक्येच बदलू लागला तर त्याला आवरलेच पाहिजे. या इमारतीचे समुद्राकडचे रूप आणि माथ्यावर शोभलेला तो धनुर्धारी ही माझ्या मते वाक्ये. नळ, वायरी, लिफ्ट हे अनुस्वार. दादांनाही हे पटले असावे, कारण ते बराच वेळ गप्प होते.

मग ते एकदम म्हणाले, "खाली बसायला बाकडी असतील ना रे?"

त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला. गेल्या वर्षी निवृत्तिवेतनाच्या एका कागदासाठी मी त्यांना एका कचेरीत नेले होते. लिफ्ट बंद, कचेरी पाचव्या मजल्यावर. दादांचे गुडघे तिसऱ्या मजल्यावर संपले, आणि पाऊण तास ते जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जात होते.

भाच्याने सळयांचा विषय सोडला आणि तळमजल्यावर काय काय करता येईल ते कागदावर काढू लागला. उंबरठा काढून उतार, दारातून दिसणारी लिफ्ट, कोणता टेबल कुठे ते मराठीत मोठ्या अक्षरांत. दादांनी चष्मा लावला आणि तो कागद आपल्याकडे ओढून घेतला.

"बाकडी दाराजवळ काढ," ते म्हणाले, "आणि पाठ टेकायची हवीत."