आवाज केव्हा येतो?

माझा धाकटा भाऊ ट्रक चालवतो. दहा चाकांचा, जुना घेतलेला, हप्ते अजून चालू. मूलच्या राइस मिलमधला तांदूळ नागपूरकडे न्यायचा आणि येताना मिळेल तो माल आणायचा, असा त्याचा धंदा. मागच्या उन्हाळ्यात त्या ट्रकच्या पोटाखालून खडखड ऐकू यायला लागली. सतत नाही. कधी यायची, कधी गायब व्हायची. आणि ज्याला ऐकवायला गाडी न्यावी, नेमकी त्याच्यासमोर गाडी गप्प.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत खडखडणारा ट्रक ही नवलाची गोष्ट नाही. घुग्घुस-बल्लारपूरचा कोळसा, सूरजागडचं लोहखनिज, सिमेंट, बांबू, तांदूळ, सगळं चाकांवरच चालतं. आष्टीहून आलापल्लीकडे पावसाळ्यात ज्यांनी प्रवास केलाय, त्यांना रस्ता काय चीज आहे ते सांगायला नको. त्यामुळे भावाने विचारायचा अवकाश, प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं.

पहिल्या गॅरेजवाल्याने दोष वजनाला दिला. 2018 साली सरकारने तीन आसांच्या गाडीची मर्यादा मालासकट 25 टनांवरून 28.5 टन केली, तेव्हापासून तुम्ही लोक गाडीला बैल समजता, असं म्हणत त्याने कमानीचे बुश आणि शॅकल पिना बदलल्या. भाऊ वजनकाट्याच्या पावत्या दाखवत राहिला, त्याने पाहिल्या नाहीत. खडखड तिथंच. दुसऱ्याने रस्त्याला शिव्या घातल्या आणि सायलेन्सरचा क्लॅम्प नवा बसवला. तिसऱ्याने आधीच्या दोघांना अडाणी ठरवून शाफ्टचं सेंटर बेअरिंग बदललं. आठ दिवस शांतता, नवव्या दिवशी पुन्हा तेच. अम्मीचं म्हणणं, नजर लागली. तिने सीटच्या मागे आयतुल कुर्सी लावून घेतली. एका हप्त्याएवढे पैसे गेले होते आणि भाऊ आता रेडिओ मोठा करून गाडी चालवत होता.

शाळेला सुट्ट्या होत्या म्हणून चौथ्या ठिकाणी मी सोबत गेलो. बल्लारपूर रस्त्यावर एक म्हातारे उस्ताद आहेत. शाळा चौथीपर्यंत. भावाने सवयीने सुरुवात केली, "चाचा, मागच्या डाव्या बाजूने आवाज येतो." उस्तादांनी हात वर केला. "कहाँ से आता, ये मत बोल. कब आता, ये बोल."

भावाकडे याचं उत्तर नव्हतं. तीन गॅरेज झाली, पण हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

मग ते शेजारी बसले आणि आम्ही रिकाम्या रस्त्याला लागलो. उभ्या गाडीत इंजिन वाढवलं, आवाज नाही. म्हणजे इंजिन आणि सायलेन्सर सुटले. मुद्दाम खड्ड्यातून हळू नेली, आवाज नाही. म्हणजे कमानी सुटल्या. ब्रेक दाबले, नाही. चाळीसच्या पुढे वेग गेला आणि खडखड सुरू झाली. त्याच वेगात गाडी न्यूट्रल केली, इंजिन मंदावलं, आवाज मात्र तसाच. म्हणजे तो चाकांबरोबर फिरणाऱ्या कशाचा तरी होता. अर्ध्या तासात, पाना हातात न घेता, त्यांनी निम्मा ट्रक निर्दोष सोडला.

जागेला का विचारलं नाही, ते मला नंतर कळलं. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, पोलादात पाच हजारांच्या आसपास. चेसिसच्या एका टोकाला झालेली खडखड तिथून कुठेही पोचते आणि जिथे पत्रा सैल असेल तिथे वाजते. कानाला वाटतं ती जागा बहुतेक वेळा खोटी असते. वेळ खोटी नसते.

चाकांना ठोकळे लावून उस्ताद खाली सरकले. मीही वाकलो. गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंत जाणारा शाफ्ट लांब गाड्यांत एकसंध नसतो, तुकड्यांचा असतो. तुकडे क्रॉसच्या सांध्यांनी जोडलेले, मध्ये आधाराला रबरात बसवलेलं बेअरिंग. हा सांधा कोनात फिरला की एकसारखा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो, दोनदा मागे रेंगाळतो. शाळेत ज्याच्या नावाचा नियम आपण पाठ केला, त्या रॉबर्ट हूकने सतराव्या शतकात या सांध्याचा अभ्यास केला होता. एका सांध्याची ही चूक दुसऱ्या सांध्याने फेडायची असते आणि त्यासाठी दोघे ठरलेल्या रेषेत बसावे लागतात. म्हणून कारखान्यात शाफ्टच्या सरकत्या जोडावर दोन बाण कोरतात. बाणासमोर बाण यायला हवा.

उस्तादांनी फडक्याने ग्रीस पुसलं. एक बाण वर होता, दुसरा कुशीला.

कधीतरी, बहुधा गाडी आमच्याकडे येण्याआधीच, कुणीतरी शाफ्ट उतरवला आणि खूण न पाहता परत चढवला. पंचेचाळीसच्या वेगाला तो शाफ्ट मिनिटाला हजाराहून जास्त फेरे घेतो, म्हणजे दोन हजारांहून जास्त धक्के. त्यांनी बेअरिंगचं रबर फाटत होतं आणि सैल झालेलं बेअरिंग त्याच्या पट्टीवर आपटत होतं. कितीही नवी बेअरिंग बसवली असती तरी फाटलीच असती. तो शाफ्ट भरल्या गाडीखाली सुटून रस्त्यात रुतला असता तर काय झालं असतं, ते उस्तादांनी सांगितलं नाही. भावाने रेडिओ बंद केला तो तेव्हापासून.

शाफ्टचे दोन्ही तुकडे चांगले होते. वाईट होती ती जोडणी.

जून उजाडला आणि शाळेत मला माझीच खडखड भेटली. सहावीतला एक मुलगा. चौथीपर्यंत उर्दू शाळेत, पाचवीपासून आमच्या मराठी शाळेत. बाक वाजवणं, कंपास पाडणं, शेजाऱ्याला चिमटे. पाचवीच्या वर्षभरात मी त्याची जागा तीनदा बदलली होती, शेजारी दोनदा. वडिलांना बोलावलं, ते बिचारे हात जोडून म्हणाले, "हड्डी हमारी, चमडी आपकी." बी.एड. झालेला मी त्या तीन गॅरेजवाल्यांपेक्षा वेगळं काय करत होतो?

मग मी आठ दिवस फक्त वेळ लिहून ठेवली. गणिताच्या तासाला आवाज नाही. खेळाच्या नाही. मराठीच्या तासाला, आणि तोही प्रकट वाचन तिसऱ्या रांगेत पोचलं की. त्याला जोडाक्षरं वाचता येत नव्हती. आपली पाळी येण्याआधी वर्गाबाहेर काढलं जावं, एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

यावर आपल्याकडे तयार उत्तरं आहेत. एक म्हणतो, उर्दू शाळा बंद करा. दुसरा म्हणतो, मराठी शाळेत आपल्या मुलांना कुणी विचारत नाही. तिसरा म्हणतो, आईबापांनाच पडलेली नाही. तिन्ही गोष्टी कुठे ना कुठे खऱ्या असतील. उस्तादांनीही बाण जुळवल्यावर फाटलेलं बेअरिंग बदललंच. पण आधी बाण.

उर्दू शाळेत मराठी विषय असतो, बालभारतीची पुस्तकं उर्दूतही निघतात. तुकडा कच्चा नाही. पण उर्दूत जबर-जेर सहसा लिहीत नाहीत, वाचणारा शब्द ओळखून स्वर भरतो. मराठीत प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घ मात्रेने दाखवावा लागतो. तिथे ओळ उजवीकडून, इथे डावीकडून. 'ण' आणि 'ळ' तिथे नाहीत. जे मूल आठवड्यातल्या थोड्याशा तासांपुरती मराठी वाचत होतं, त्याच्यासमोर आपण पाचवीत इतिहास-विज्ञानाची मराठी पुस्तकं ठेवतो आणि मूल वाजायला लागलं की मुलाला धरतो.

माझं मागणं लहान आहे. उर्दूतून मराठीत येणाऱ्या मुलांना पाचवीचे पहिले दोन महिने रोज अर्धा तास, दोन्ही लिप्या येणाऱ्या शिक्षकाजवळ बसवा. यासाठी नवी इमारत नको, नवा कायदा नको. असे शिक्षक आपल्या जिल्ह्यांत आहेत, मी त्यातलाच एक आहे आणि वर्षभर जागा बदलत बसलो होतो.

त्या मुलाबरोबर मी आता मधल्या सुट्टीत बसतो. परवा त्याने 'प्राणहिता' शब्द न अडखळता वाचला. 'वर्धा'वर अजून थांबतो.