या, तुमचीच वाट पाहत होतो!



आजीला बेसनाच्या लाडवांची कृती विचारली, तर ती लपवून ठेवते का? बेसन किती, तूप किती, सगळं सांगते. मग शेजारच्या काकू त्यात थोडं जायफळ घालून बघतात आणि आजीलाही सांगतात. संगणकाचे काही प्रोग्रॅमही असेच असतात, बरं का! त्यांची कृती सर्वांना खुली असते. कुणीही ती वाचावी, सुधारावी, इतरांना द्यावी. याला म्हणतात 'ओपन सोर्स'.

'ग्नोम' हा असाच एक प्रकल्प. मेक्सिकोच्या दोन तरुणांनी तो १९९७ साली सुरू केला. लिनक्सवर चालणाऱ्या पुष्कळ संगणकांच्या पडद्यावर ज्या चौकटी, चित्रं आणि बटणं दिसतात, ती ग्नोमची असतात. हे काम जगभरची माणसं मिळून करतात. म्हणून नवी माणसं सतत यायला हवीत. ती आली नाहीत, तर चालू काम थांबायचं!

२००६ साली काय झालं, ऐका. विद्यार्थ्यांनी सुट्टीत अशा प्रकल्पांवर काम करावं, म्हणून गूगल कंपनी मानधन देत होती. ग्नोमकडे १८१ अर्ज आले. त्यात मुलींचे किती? एकही नाही!

"मुलींना यात गोडीच नाही," असं म्हणून गप्प बसता आलं असतं. पण ग्नोमच्या मंडळींनी खास मुलींसाठी योजना जाहीर केली. आणि काय आश्चर्य! शंभर मुलींनी अर्ज केले. मुली होत्याच, त्यांना कुणी 'या' म्हटलं नव्हतं, इतकंच. दार उघडं ठेवणं वेगळं आणि 'या, बसा' म्हणणं वेगळं, नाही का?

पुढे ही योजना वाढली. आज तिचं नाव 'आउटरीची'. ज्यांना या क्षेत्रात सहसा संधी मिळत नाही, अशांना ती बोलावते. नवख्याला आधी छोटंसं काम देतात. निवड झाली, की शिकवायला एक जाणता सोबती असतो. चुकलं तर तो समजावून सांगतो.

आता सांगा पाहू, तुमच्या खेळात कडेला उभं राहून नुसतं बघणारं कुणी आहे का? त्याला आज हाक मारा. आधी सोपं काम द्या, गुण मोजायचं दिलंत तरी चालेल. आणि पालकहो, स्वयंपाकघरात किंवा दुरुस्तीच्या कामात "तू मध्ये येऊ नकोस" म्हणण्याआधी, मुलांच्या हाताला जमेल असं एखादं काम सापडतं का, बघाल ना?