सर्व्हर सुरू झाला, पण तुमची नोंद परत आली का?

चंद्रपूर/गडचिरोली : ‘लिंक नाही, उद्या या.’ सेतू केंद्र असो, बँक असो की रेशन दुकान, हे वाक्य आपल्या भागात सगळ्यांनाच पाठ आहे. भामरागड किंवा जिवतीच्या माणसासाठी ‘उद्या’ म्हणजे आणखी एक मजुरी बुडाली आणि गाडीभाडं वेगळं. पण खरा प्रश्न सर्व्हर सुरू झाल्यावर येतो.

मोठे सर्व्हर बहुतेक लिनक्सवर, म्हणजे युनिक्सच्या घराण्यातल्या प्रणालीवर चालतात. त्यांची नक्कल, म्हणजे बॅकअप, साधारण अशी घेतात : आठवड्यातून एकदा पूर्ण, आणि रोज रात्री फक्त त्या दिवशी बदललेलं तेवढंच. मशीन बसली की आधी पूर्ण नक्कल चढवायची, मग एकेका रात्रीची, ओळीनं. मधली एक खराब निघाली की पुढच्यावर भरवसा नाही. नक्कल रात्री 12 ची आणि मशीन बसली दुपारी 3 ला, तर मधल्या 15 तासांच्या नोंदी गेल्या. व्यवहारांची चालू नोंदवही, म्हणजे लॉग, दुसरीकडे साठवली असेल तरच त्या वाचतात.

दिल्लीच्या एम्सवर 23 नोव्हेंबर 2022 ला सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले आणि जवळपास दोन आठवडे तिथं कागदावर काम चाललं. ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला, कारण एका बॅकअप सर्व्हरपर्यंत हल्ला पोचला नव्हता. तिथून तो नव्या सर्व्हरवर चढवला. दक्षिण कोरियाचं नशीब तसं नव्हतं. 26 सप्टेंबर 2025 ला डेजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या फायलींचा 858 टेराबाइटचा साठा गेला. त्याची बाहेर नक्कलच नव्हती. एवढा पुढारलेला देश, तरी!

कागदच बरा होता, असं म्हणणारे भेटतात. पण 21 जून 2012 ला मंत्रालय पेटलं तेव्हा कागदच जळाले होते. एकाच जागी ठेवलेली कोणतीही गोष्ट धोक्यातच असते.

आपल्याकडे सर्व्हर बंद असल्याची पाटी लागते. सुरू झाल्यावर ‘डेटा अमुक तारखेच्या अमुक वाजेपर्यंतचा परत आला, त्यानंतर अर्ज केलेल्यांनी पुन्हा तपासावं’ अशी पाटी क्वचितच दिसते. बँकेचं एक बरं असतं, खात्यातला फरक माणूस लगेच ओळखतो. धान विक्रीच्या ऑनलाइन नोंदणीचं तसं नाही. नोंदणी मधल्या तासांतली असेल आणि परत चढली नसेल, तर ते केंद्रावर गाडी उभी केल्यावरच कळतं. तोवर मुदत संपलेली असू शकते. अशा वेळी पावती किंवा अर्ज क्रमांकाचा मोबाइलमधला फोटो एवढाच पुरावा हातात राहतो. फेरफाराच्या अर्जाचंही तेच. सर्व्हर सुरू झाल्याचं कळलं की त्याच आठवड्यात क्रमांक टाकून नोंद पाहावी. दिसली नाही तर पावतीची झेरॉक्स जोडून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.