काळी पडणारी स्क्रीन : आधी रोग ओळखा, मग खर्च करा



पाण्याची मोटार आणि कडबाकुट्टी यांच्याविषयी आपण नेहमी बोलतो. या खेपेस कॉम्प्युटरकडे वळावयाचे आहे. गावातील दूध संकलन केंद्र चालविणाऱ्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "संध्याकाळी दुधाची रांग लागलेली असते. माप आणि फॅट नोंदवीत असताना मध्येच स्क्रीन काळी पडते. कधी दोन क्षणांत आपोआप उजळते, कधी सगळे बंद करून पुन्हा सुरू करावे लागते. तालुक्याला दाखविले, तर मदरबोर्ड गेला, नवा कॉम्प्युटर घ्या, असे सांगितले. आत तीन वर्षांचे हिशेब आहेत. काय करावे?"

ताई, नवा कॉम्प्युटर घेण्याची घाई करू नका. विहिरीवरची मोटार बंद पडली म्हणजे आपण लगेच नवी मोटार आणत नाही. आधी लाईट आहे का पाहतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल, आणि शेवटी मोटार वर काढतो. कॉम्प्युटरलाही हाच क्रम लावावा. मदरबोर्ड खराब होत नाही असे नाही. पण तो या यादीत शेवटी येतो.

काळी पडते ती नेमकी कोणती वस्तू?

टेबलावर दिसणारा कॉम्प्युटर म्हणजे खरे तर दोन यंत्रे आहेत. एक मॉनिटर, म्हणजे चित्र दाखविणारा. दुसरा खालचा किंवा बाजूचा डबा, ज्याला आपण सीपीयू म्हणतो. हिशेब, नोंदी, सगळे काम डब्यात चालते. मॉनिटर फक्त ते दाखवितो. दोघांना वीज वेगवेगळ्या वायरने मिळते आणि दोघांना जोडणारी एक केबल असते. म्हणून स्क्रीन काळी पडताच हात न लावता आधी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, डब्यावरचा दिवा लागलेला आहे का आणि आतला पंखा फिरतो आहे का. दुसरी, मॉनिटरवरचा बारीक दिवा लागलेला आहे का. तिसरी, कीबोर्डवरचे नम लॉक हे बटण दाबल्यावर त्याचा दिवा लागतो-विझतो का. नम लॉक म्हणजे कॉम्प्युटरची नाडीच समजा. दिवा लागत-विझत असेल तर डबा जिवंत आहे, आतले काम चालू आहे, फक्त दिसत नाही. कीबोर्डला असा दिवा नसेल, तर पहिल्या दोन खुणांवर भागवावे.

डबा जिवंत असेल तर त्याची वीज झटकन तोडू नका. नोंदी लिहिल्या जात असताना वीज तोडली तर हिशेबाची फाईल बिघडू शकते. डब्याचे बटण एकदाच दाबून सोडून द्यावे. बहुतेक कॉम्प्युटर त्यामुळे रीतसर बंद होतात. चार-पाच सेकंद बटण दाबून धरणे हा अगदी शेवटचा उपाय.

दोन्ही एकदम विझत असतील तर

डबा आणि मॉनिटर दोन्हीचे दिवे जात असतील, तर दोष बहुधा विजेच्या वाटेवर आहे. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची असावी असे ठरलेले आहे. पण संध्याकाळी गावातले दिवे, मोटारी, गिरणी आणि केंद्रातील दूध थंड करण्याचे यंत्र एकाच वेळी चालू झाले की दाब खाली येतो. तुमच्याकडे हे संध्याकाळीच घडते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

चार दिवस एक वही जवळ ठेवा. स्क्रीन काळी पडली की वेळ लिहा आणि त्या क्षणी आणखी काय चालू झाले तेही लिहा. मोटार किंवा कूलर सुरू होण्याची वेळ आणि स्क्रीन जाण्याची वेळ जुळली, तर वायरमनला बोलवावयाचे आहे, कॉम्प्युटरवाल्याला नव्हे. कॉम्प्युटरची लाईन या यंत्रांपासून वेगळी काढून घ्यावी. दिवे एकदम मंद किंवा एकदम भडक होत असतील, तर न्यूट्रल ढिला असण्याचा संभव आहे. अशा वेळी घरात २३० च्या जागी फार जास्त दाब येऊ शकतो. लगेच सर्व यंत्रे बंद करून वायरमनला सांगावे.

मग यूपीएस पाहा. दिवसभराचे काम साठवून झाल्यावर, कॉम्प्युटर चालू असताना यूपीएसचा भिंतीवरचा स्विच बंद करा. कॉम्प्युटर पाच-दहा मिनिटे चालला तर बॅटरी ठीक आहे. त्याच क्षणी विझला तर बॅटरी संपली आहे. लहान यूपीएसमध्ये साधारणपणे १२ व्होल्टची बॅटरी असते. ती दोन-तीन वर्षांत थकते आणि तेवढीच बदलून मिळते. त्यासाठी यूपीएस टाकून देण्याचे कारण नाही. यूपीएसवर लेसर प्रिंटर, पंखा किंवा इतर यंत्र जोडू नका. लेसर प्रिंटर तापताना मोठा लोड ओढतो.

वीज ठीक असून कॉम्प्युटर अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप विझतो आणि थोडा थांबून लगेच सुरू होतो, असे असेल तर तो तापत आहे. आतला मुख्य भाग फार तापला की जळू नये म्हणून यंत्र स्वतःला बंद करून घेते. दूध केंद्रात किंवा पशुखाद्याच्या पोत्यांजवळ ठेवलेल्या डब्यात पेंडीची आणि भुशाची धूळ पंख्यावर थराथराने बसते. ती काढली की बहुधा काम होते.

डबा चालू, मॉनिटर मात्र काळा

या प्रकारात गोष्ट सहसा स्वस्तात सुटते. आधी मॉनिटरची वीज कोणत्या बोर्डात आहे ते पाहा. पुष्कळ ठिकाणी डबा यूपीएसवर असतो आणि मॉनिटर साध्या बोर्डावर. तो बोर्ड ढिला असला, प्लग घालताना ठिणगी उडत असली, की कुणाचा पाय लागला किंवा बोर्ड हलला तरी मॉनिटर क्षणभर विझतो. दोन क्षणांत आपोआप उजळणाऱ्या स्क्रीनचे हे एक नेहमीचे कारण आहे. बोर्ड बदला आणि मॉनिटरही यूपीएसवर घ्या.

त्यानंतर केबल. जुन्या प्रकारची निळ्या टोकाची व्हीजीए केबल असेल, तर तिच्या दोन्ही बाजूंना पिळण्याचे स्क्रू असतात. ते न पिळता नुसती खोचून ठेवलेली केबल हळूहळू बाहेर येते. सर्व बंद करून केबल काढा. तिच्या टोकात तीन ओळींत बारीक पिना असतात. एखादी वाकली आहे का पाहा. पण ध्यानात ठेवा, काही केबलमध्ये एखादी पिन मुळातच नसते, तो दोष नव्हे. केबल नीट बसवून स्क्रू पिळा. एचडीएमआय केबलला स्क्रू नसतात, म्हणून ती ताणलेली राहू नये. उंदीर असलेल्या खोलीत केबल पूर्ण लांबी हाताने तपासावी.

मॉनिटर स्वतः बरा आहे की नाही याची परीक्षा सोपी आहे. मॉनिटर चालू ठेवून केबल डब्याच्या बाजूने काढा. 'नो सिग्नल' किंवा 'केबल तपासा' अशा अर्थाची अक्षरे उमटली, तर मॉनिटर जिवंत आहे. काहीच उमटले नाही, तर अंधारात बॅटरीचा झोत तिरका धरून काचेवर पाहा. अगदी पुसट चित्र दिसत असेल तर मॉनिटरच्या आतला उजेड गेला आहे. अशा वेळी मॉनिटर दुरुस्त करावा किंवा बदलावा. डबा बदलण्याचे काही कारण नाही.

डबा चालतो, पण चित्र येतच नाही

सुरू करताना पंखा फिरतो, कधी टूं-टूं असा आवाज येतो आणि स्क्रीन काळीच राहते, तेव्हा रॅम नावाची पट्टी ढिली झालेली किंवा तिच्यावर मळ चढलेला असण्याचा संभव मोठा. पावसाळ्यात दमट हवेने हे जास्त घडते. ज्याला हे काम माहीत आहे अशा घरातल्या मोठ्या मुलाने किंवा मुलीने ते करावे. वीज बंद करून भिंतीतला प्लग काढावा, डब्याचे बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यावी, डब्याच्या लोखंडी पत्र्याला हात लावावा. मग रॅमच्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून पट्टी काढावी. सोनेरी दातांवरून शाळेचे पांढरे खोडरबर हलके फिरवावे, बुरादा झटकावा आणि 'टक्' असा आवाज येईपर्यंत पट्टी बसवावी. खाच जुळत नसेल तर पट्टी उलटी आहे, जोर करू नये.

डबा उघडलेलाच आहे तर रंगाच्या कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. ओले फडके लावू नका. पाल, मुंग्या किंवा कोळ्याचे जाळे आत दिसले तर तेही काढा. बोर्डावरचे उभे नळकांडीसारखे कंडेन्सर वरून फुगलेले दिसले, तर मात्र बोर्डाचा दोष खरा असू शकतो.

चित्र येते आणि मध्येच जाते

काही वेळा दोष यंत्रात नसतो, मांडणीत असतो. दहा-पंधरा मिनिटे कुणी हात लावला नाही की स्क्रीन विझावी, अशी सोय कॉम्प्युटरमध्ये असते. रांग थांबली की स्क्रीन जाते आणि माऊस हलविताच येते, असे असेल तर तो रोग नव्हे. सेटिंगमध्ये पॉवर या ठिकाणी जाऊन वेळ वाढवा. विंडोज १० किंवा ११ असेल आणि स्क्रीन अचानक काळी झाली, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबून पाहा. चित्र पाठविणारा भाग त्याने नव्याने सुरू होतो.

काय उघडू नये

डब्याच्या कोपऱ्यातील वीजपुरवठ्याची पेटी, यूपीएस आणि मॉनिटर घरी उघडू नयेत. प्लग काढल्यावरही त्यांतील कंडेन्सर झटका देऊ शकतात. यूपीएसमध्ये तर बॅटरीही असते. जुना पेटीसारखा मॉनिटर असेल तर आत वीस हजार व्होल्टहून अधिक दाब असतो. अर्थिंगही तपासून घ्या. डब्याच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा तुटलेले आहे. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जावे. वळवाचे ढग जमून विजा कडाडू लागण्याआधीच प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढून ठेवावीत.

हिशेबाचे काय?

ताई, तुमच्या पत्रातील खरी काळजी ही आहे, आणि ती योग्य आहे. कॉम्प्युटर पुन्हा घेता येतो. पण दहा दिवसांच्या बिलाची नोंद गेली तर गावातल्या चाळीस घरांना काय उत्तर द्यावयाचे? तुमचे हिशेब स्क्रीनमध्ये नाहीत आणि मदरबोर्डमध्येही नाहीत. ते हार्ड डिस्कमध्ये आहेत. मदरबोर्ड खरोखरच गेला असला तरी ती डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता येते आणि नोंदी बहुधा जशाच्या तशा मिळतात.

दुरुस्तीला देताना तीन गोष्टी स्पष्ट सांगा. "विचारल्याशिवाय फॉरमॅट करावयाचे नाही." फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. "कोणता भाग बदलणार ते आधी सांगा आणि काढलेला जुना भाग मला परत द्या." आणि "बोर्ड गेला असेल तर दुसरी रॅम, दुसरा वीजपुरवठा लावून मला दाखवा." जाणकार कारागिराला या बोलण्याचा राग येत नाही. मापे घेऊन रोग ओळखणे हेच त्याचे काम आहे.

आणि आज संध्याकाळपासून दूध संपले की हिशेबाची फाईल पेन ड्राइव्हवर उतरवा. पेन ड्राइव्ह काढून कपाटात ठेवा. तो कॉम्प्युटरलाच लावून ठेवला तर विजेच्या एका फटक्यात दोन्ही जातील. आठवड्यातून एकदा दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा. कागदी नोंदवही बंद करू नका.

कापून भिंतीला लावण्यासाठी

१. स्क्रीन काळी पडली की आधी तीन दिवे पाहा : डबा, मॉनिटर, नम लॉक.

२. दोन्ही विझले तर वीज, बोर्ड, यूपीएसची बॅटरी, धूळ.

३. फक्त मॉनिटर विझला तर प्लग, केबल, मग मॉनिटर.

४. पंखा फिरतो पण चित्र नाही, तर रॅम आणि धूळ.

५. एवढे पाहून झाल्यावरच कारागीर. फॉरमॅटला परवानगी देण्याआधी हिशेबाची प्रत हातात हवी.

ताई, वहीतील चार दिवसांच्या नोंदी आमच्याकडे अवश्य पाठवा. त्या पाहून पुढचे सांगता येईल.