पांढऱ्या बर्फावरील काळीं चित्रें

गेला हिवाळा आम्हीं कॅनडांत, टोरांटोजवळ चिरंजीवांकडे काढला. गुडघेदुखीमुळें आमचें कुटुंब पुण्यासच राहिलें. तेव्हां दहा वर्षांच्या नातवाचें दर्शन तिला चित्रांतूनच घडवावयाचें होतें. नातू बर्फावरील हॉकी खेळतो. भल्या पहांटे बंदिस्त रिंकच्या गारठ्यांत बसून आम्हीं चाळीस छायाचित्रें घेतलीं व मोठ्या उत्साहानें घरीं धाडलीं. उत्तर आलें, "यांत आपला बाळ कोणता?"

प्रश्न रास्त होता. शुभ्र बर्फ राखेसारखा दिसत होता, मुलें काळवंडलीं होतीं, आणि धांवत्या आकृतींचे नुसते फराटे उमटले होते. आम्हीं अर्थातच कॅमेऱ्यास दोष दिला. ‘नाचतां येईना, अंगण वांकडें’ ही म्हण वर्षानुवर्षें मुलांस शिकविणाऱ्यालाहि ती स्वतःस लागूं पडते हें लवकर सुचत नाहीं! रिंकवर नित्य येणाऱ्या एका पालकानें आमचे डोळे उघडले.

यंत्रास काळें-पांढरें कळत नाहीं. समोरचें दृश्य सरासरीनें मध्यम करडें आहे, असें तें धरून चालतें. चौकटभर बर्फ दिसतांच उजेड फार झाला असें समजून तें चित्र काळें करतें. म्हणून त्याच्या अंदाजाहून सुमारें दुप्पट प्रकाश आपण होऊन द्यावा. किंवा सारें माप हातानें एकदां ठरवून तेंच कायम ठेवावें, कारण छताखालचे दिवे सूर्यासारखे ढगाआड जात नाहींत.

दुसरी अडचण वेगाची. धांवता खेळाडू स्पष्ट यावयाचा तर शटर सुमारें १/५०० सेकंदच उघडें हवें. इतक्या अल्प काळांत मंद दिव्यांचा प्रकाश पुरत नाहीं. तेव्हां भिंगाचें तोंड एफ २.८ पर्यंत उघडावें, आणि आय. एस. ओ. नांवाची संवेदनशीलता ३२०० किंवा ६४०० पर्यंत चढवावी. मग चित्र रवाळ होतें. पण त्याची खंत करूं नये. रवाळ चेहरा ओळखतां येतो. फराटलेला चेहरा कोणाचाच नसतो.

विजेचीहि एक खोडी आहे. तेथील प्रवाह सेकंदास ६० आवर्तनें करतो. त्यामुळें जुन्या धर्तीचे दिवे सेकंदास १२० वेळां कमीजास्त होतात. डोळ्यांस तें जाणवत नाहीं, परंतु एक चित्र उजळ तर लगेचचें दुसरें पिवळट व मळकें येतें. यास्तव एकापाठोपाठ दोनचार चित्रें घ्यावीं व तीं ‘रॉ’ स्वरूपांत ठेवावीं, म्हणजे रंग मागाहून सुधारतां येतो. भिंग संरक्षक कांचेस जवळजवळ टेकवावें. रबरी चकतीच्या माराचे काळे डाग तेवढे टाळावे. फ्लॅश मात्र वापरूं नये. तो कांचेवरून उलटतो व खेळाडूंचे डोळे दिपवितो.

आणि मुख्य म्हणजे चकतीमागें कॅमेरा धांववूं नये. १० मे १९७० रोजीं बोस्टन येथें विजयी गोल करून बॉबी ऑर हवेंत आडवा झाला, तें जगप्रसिद्ध चित्र रे लुसिए यांनीं गोलाजवळच्या जागेवर बसून टिपलें. आम्हींहि गोलाच्या बाजूस कोपऱ्याशीं ठाण मांडलें. तेथें वळतांना मुलांचा वेग क्षणभर मंदावतो.

दुसऱ्या खेपेस पाठविलेलें चित्र कांहीं देखणें नव्हतें. शिरस्त्राणाची जाळी, तीमागें अर्धा चेहरा, आणि सर्वत्र रवा. तरी फोनवर कुटुंबानें क्षणांत सांगितलें, "हा काय! ओठ चावतो आहे तो. याचा बाप गणित करतांना असाच चावीत असे."

वह्या तपासतांना सुवाच्य अक्षरासाठीं आम्हीं किती मुलांचे गुण कापले असतील, याची त्या रात्रीं आम्हांस उगाच आठवण झाली.