गिटार खिळ्यावरून काढा!

बालमित्रांनो, नवी गिटार रविवारी दोन-दोन तास वाजते. मग बोटं दुखतात नि ती खिळ्याला टांगली जाते. माझीही टांगलेली होती. शहापूरच्या एकाच पावसाळ्यात तिच्या तारा गंजल्या!

पंधराच मिनिटं वाजवा, पण रोज. काही आठवड्यांत बोटांची कातडी घट्ट होते. मोठा खंड पडला की पुन्हा मऊ. शाळेतून आलात, हातपाय धुतलेत, की गिटार हातात! गवसणी काढायचाच कंटाळा येतो, म्हणून ती समोर उघडीच ठेवा.

माहीमचे झाकीर हुसेन सात वर्षांचे असताना पहाटे तीनला उठून वडिलांपाशी, उस्ताद अल्लारखाँपाशी तबला शिकायला बसत. मग शाळा! तुम्हाला कुणी तीनला उठवत नाहीये.

आणि पालकहो, निदान महिनाभर "पुरे ती कटकट" म्हणू नका हं. मी नव्या तारा बसवल्यात. शेजारी अजून खिडकी लावून घेतात.