घरचा थंड टब : आधी हिशेब, मग हौस

"घरात हट्ट चाललाय, पुरवू की नको?" अशा अर्थाची पत्रं आपल्या या पानाकडे नेहमीच येतात. कधी कुत्रा पाळायचा हट्ट असतो, कधी मोटारसायकलचा. या वेळचा हट्ट मात्र नवा आहे. एका भगिनींचा मुलगा व्यायामशाळेत जातो. व्यायाम झाल्यावर बर्फाच्या पाण्यात बसायचं, असं त्यानं मोबाइलवर पाहिलं आणि आता घरच्या गॅलरीत तसा टब करायचा म्हणतो. त्यात रक्तदाबाची गोळी घेणारे त्याचे वडीलही म्हणताहेत, "मीही बसेन!" दोघांचा उत्साह पाहून बाईंनाच कापरं भरलं आहे.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर असं : टब घरी होतो, त्यात अवघड काही नाही. पण तो गॅलरीत नको, आणि वडिलांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून त्यात पाऊल ठेवायला नको. आता सविस्तर सांगते.

थंड पाण्याचा उपचार आपल्याला नवा नाही. आपल्या आज्या पहाटे नदीवर माघस्नान करीत. जर्मनीतल्या लुई कूने यांच्या कटिस्नानावर गांधीजींचा विश्वास होता. कंबर आणि ओटीपोट तेवढं थंड पाण्यात, पाय आणि छाती बाहेर, असं ते टबातलं स्नान. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये १९४२ ते १९४४ या काळात बंदिवासात असताना त्यांनी आरोग्यावर जे पुस्तक लिहिलं, त्यात या स्नानाची माहिती आहे. पुढे १९४६ साली पुण्याजवळ उरुळी कांचनला त्यांनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला. आता मुलं म्हणतात तो प्रकार याच्या पुढचा. छातीपर्यंत पाण्यात बसायचं आणि पाणी १० ते १५ अंश सेल्सिअस.

फायदा किती, तोटा किती?

व्यायामानंतर अंग आंबतं, दुखतं, ते या पाण्यानं कमी होतं. २०१२ साली १७ लहान-लहान प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात हे दिसलं. पण २०१५ साली दुसरी गोष्टही पुढे आली. वजनं उचलण्याच्या व्यायामानंतर दर वेळी १० अंशांच्या पाण्यात १० मिनिटं बसणाऱ्यांचे स्नायू १२ आठवड्यांत इतरांपेक्षा कमी वाढले. तुमच्या चिरंजीवांना दंड वाढवायचे असतील तर एवढं त्यांच्या कानावर घालाच. पिळदार शरीरासाठी टब आणि टबामुळेच शरीर पिळदार होईना, असं व्हायला नको!

"थंड पाण्यानं आजार पळतात," असंही सांगतात. नेदरलँड्समध्ये ३,०१८ जणांवर एक प्रयोग झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या आंघोळीच्या शेवटी ३० ते ९० सेकंद थंड पाणी अंगावर घ्यायचं, एवढंच करायचं होतं. या लोकांची आजारपणाची रजा २९ टक्क्यांनी कमी झाली, पण आजाराचे दिवस काही कमी झाले नाहीत. म्हणजे सर्दी व्हायची ती झालीच, पण माणसं कामावर गेली. शिवाय ३० सेकंदवाले आणि ९० सेकंदवाले यांच्यात फरक पडला नाही. मग शेवटच्या अर्ध्या बादलीनं काम भागत असेल तर तिथून सुरुवात का करू नये?

आता धोका. गार पाण्यात एकदम उतरलं की मोठा श्वास आपोआप आत ओढला जातो, धाप लागते, नाडी धावू लागते, रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब चढतो. पहिलं अर्धं ते एक मिनिट सगळ्यांत कठीण. तरुण, निरोगी माणूस ते निभावून नेतो. ज्यांचं हृदय अधू आहे त्यांना तेवढंच महागात पडू शकतं. म्हणून हृदयविकार, रक्तदाब, फिट्स किंवा दमा असणाऱ्यांनी, मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय टबाकडे वळू नये. "काही होत नाही गं मला," हे घरातल्या पुरुषांचं वाक्य इथे मुळीच ऐकायचं नाही.

टब ठेवायचा कुठे?

गॅलरीत नको म्हणते, त्याचा हिशेब बघा. टबात १०० सेंटिमीटर लांब आणि ६० रुंद जागा धरा. त्यात ४० सेंटिमीटर पाणी म्हणजे २४० लिटर, वजन २४० किलो. माणूस बसला की पाणी आणखी चढतं, म्हणून टब ६० सेंटिमीटर खोल हवा. माणसाचे ६५ आणि टबाचे १५ किलो मिळवले तर झाले ३२० किलो, आणि तेही पाऊण चौरस मीटर जागेवर. म्हणजे दर चौरस मीटरला चारशेच्या वर. राहत्या घराची खोली साधारण २०० किलो आणि गॅलरी ३०० किलोच्या हिशेबानं बांधतात. इमारत जुनी असेल तर विचारच नको. तेव्हा टब तळमजल्यावर, मागच्या अंगणात, सपाट फरशीवर आणि मोरी जवळ असेल तिथेच ठेवावा.

टब कसा करावा?

अंगणात पूर्वीचा विटांचा हौद असेल तर त्याला आतून गुळगुळीत गिलावा केला की झालं. नाही तर मासळी बंदरावर मासे ठेवायला दुहेरी भिंतीची जाड प्लास्टिकची पेटी असते, तशी या मापाची नवी पेटी आणावी. तिच्या भिंतींमुळे पाणी लवकर तापत नाही आणि झाकणही जोडीला मिळतं. घेताना आतली मापं टेपनं बघा आणि बसणाऱ्यालाच एकदा कोरड्या पेटीत बसवून बघा. रसायनांचं जुनं पिंप स्वस्तात मिळतं, पण ते कितीही धुतलं तरी नको.

पेटीला तळाशी भोक नसेल तर प्लंबरकडून टँक निपल आणि एक इंची कॉक बसवून घ्या. नाही तर २४० लिटर पाणी तांब्यानं उपसायची वेळ येईल, आणि ती कुणावर येईल हे मी सांगायला नको. आत रबरी चटई, बाहेर चढायला न हलणारं स्टूल, झाकणाला कडी आणि कुलूप. कुलूप चैनीसाठी नाही, बरं का! लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं, आणि बुडताना ओरडत नाही.

जुन्या डीप फ्रीजचा टब करायची एक टूम निघाली आहे. पाणी आणि वीज यांची अशी गाठ घरात घालू देऊ नका.

बर्फ किती लागेल?

शाळेत मुलींना गणित शिकवते तसंच सांगते. १ किलो बर्फ वितळून १५ अंशांवर येईपर्यंत सुमारे ९५ लिटर पाणी १ अंशानं गार करतो. नळाचं पाणी २८ अंश असेल तर २१० लिटर पाण्यात सुमारे ३० किलो बर्फ घालावा लागेल. थंडीत पाणी २० अंशांवर असेल तर १२ किलो पुरतो. घरच्या फ्रिजच्या ट्रेंनी हे व्हायचं नाही, लादीच आणावी लागेल. ३० किलो बर्फ रोज कोण आणणार, पैसे कोण देणार, हे टब आणायच्या आधीच ठरवा.

त्यापेक्षा नवख्यानं थंडीच्या दिवसांत रात्रभर अंगणात गार झालेल्या पाण्यातच बसावं. २० अंशांचं पाणीही अंगाला चांगलंच झोंबतं. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात माठाची युक्ती करता येते. पत्र्याच्या पिंपाला ओलं गोणपाट गुंडाळून वाऱ्यावर ठेवायचं, की पाणी काही अंश उतरतं. कोकणच्या दमट हवेत मात्र ही युक्ती फारशी चालत नाही. पाणी मोजायला तापाचा थर्मामीटर उपयोगाचा नाही, तो साधारण ३५ अंशांपासून पुढेच मोजतो. माशांच्या काचपेटीत वापरतात तो घ्या.

बसताना काय पाळावं?

एकट्यानं कधी बसू नये, कुणीतरी हाकेच्या अंतरावर नव्हे, शेजारी उभं हवं. आधी पाय, मग कंबर, मग छाती असं सावकाश उतरावं. डोकं बुडवू नये, कारण धाप लागली की पाणी नाकातोंडात जातं. पहिल्या दिवशी एक मिनिट पुरे, सरावल्यावर दोन-तीन मिनिटं, आणि कुणाच्या पैजेखातर दहाच्या पुढे नको. बाहेर आल्यावरही काही वेळ अंग आतून गार होत राहतं. म्हणून लगेच कोरडं करून उबदार कपडे घालावेत आणि गरम चहा द्यावा. दारू घेतलेल्या माणसानं तर जवळही फिरकू नये.

पाणी आणि स्वच्छता

२४० लिटर म्हणजे किती? मोठ्या शहरांत माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. म्हणजे हे जवळजवळ दोन माणसांचं दिवसाचं पाणी. जिथे नळ एक दिवसाआड येतो, तिथे टबानं स्वयंपाकघराच्या पाण्यात वाटा मागता कामा नये. बसण्याआधी साबण लावून आंघोळ करावी, अंगाला तेल नसावं, म्हणजे पाणी तीन दिवस वापरता येईल. मग ते झाडांना किंवा अंगण धुवायला काढून टब घासून कोरडा करावा. डासाचं अंडं ते डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आठवड्यातला कोरडा दिवस टबालाही पाळावाच लागतो, नाहीतर आरोग्यासाठी केलेल्या टबातून डेंग्यू निघायचा.

आता शेवटचं, पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. टब आणण्याआधी एक कागद घ्या. त्यावर पाणी भरणारा, बर्फ आणणारा, शेजारी उभा राहणारा, तिसऱ्या दिवशी टब घासणारा आणि रात्री कुलूप लावणारा, अशी पाच कामं लिहा. प्रत्येकापुढे नाव घाला. पाचही ठिकाणी तुमचंच नाव येत असेल तर टब आणू नका, आंघोळीच्या शेवटच्या अर्ध्या बादलीवरच हौस भागवा. नावं नीट वाटली गेली तर खुशाल आणा. आणि तुमची प्रकृती ठणठणीत असेल तर उन्हाळ्याच्या दुपारी, सगळ्यांची जेवणंखाणं उरकून दोन-तीन तास झाल्यावर, लेकीला किंवा जावेला शेजारी बसवून त्यात पाच मिनिटं साध्या पाण्यात तुम्हीही बसा. बर्फ नको, काही नको. टब घरचा आहे, तो नुसता घासायला आपल्या वाट्याला आलेला नाही.